वेगवान मानक लेन्स (रेंजफाइंडर कॅमेरा)

३५ मिमी फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांसाठी बनवलेल्या, सुमारे ५० मिमी नाभीय अंतराच्या आणि एफ/२ किंवा त्याहून मोठे छिद्र असलेल्या लेन्सना वेगवान मानक लेन्स म्हणतात. मोठ्या छिद्रातून अधिक प्रकाश आत येतो व शटरचा वेग वाढवता येतो, त्यावरून हे नाव पडले. जुन्या फिल्म मंद असल्याने या लेन्सना महत्त्व होते. १९५४ साली ३५ मिमी स्वरूपात आलेली ट्राय-एक्स ही त्या वेळची वेगवान फिल्मदेखील २०० एएसए इतक्याच संवेदनशीलतेची होती.

रचना

लेन्सवर कोरलेल्या छिद्राच्या आकड्यापेक्षा तिची अंतर्गत रचना अधिक बोलकी असते. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक हवेलगतच्या पृष्ठभागावरून सुमारे ४ ते ५ टक्के प्रकाश परावर्तित होतो. हा प्रकाश नुसता वाया जात नाही, तर आतल्या आत विखुरून चित्र फिके करतो. लुडविग बेर्टेले यांनी झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी रचलेल्या झोनार एफ/१.५ लेन्समध्ये (१९३२) सात भिंगे तीन गटांत चिकटवलेली होती. त्यामुळे असे पृष्ठभाग सहाच उरले. लाइट्झच्या समारिट एफ/१.५ मध्ये (१९४९) सात भिंगे पाच गटांत, म्हणजे दहा पृष्ठभाग आहेत. झाइसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली शोधलेले परावर्तनरोधी लेपन युद्धानंतर सर्रास झाले नसते, तर अशी रचना व्यवहारात मागेच पडली असती. पुढे दुहेरी गाउस रचनेने झोनारला मागे टाकले. निकॉनची १९५० सालची एफ/१.४ लेन्स झोनार पद्धतीची, तर कॅननची १९५९ सालची एफ/१.४ गाउस पद्धतीची आहे; आकडा एकच, चित्राचा स्वभाव वेगळा.

फोकसची अचूकता

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात छायाचित्रकार लेन्समधून पाहत नाही, म्हणून लेन्सची चूक फिल्म धुतल्यावरच कळते. झोनारमधील गोलीय विपथनामुळे छिद्र लहान करताच फोकसचे प्रतल मागे सरकते. पूर्ण उघड्या छिद्राला जुळवलेली लेन्स एफ/२.८ ला चुकू शकते, आणि उलटही. एक मीटर अंतरावर एफ/१.५ ला सुस्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो, एफ/२ ला सुमारे साडेचार. या बदल्यात मिळणारा प्रकाश दुपटीलाही कमीच पडतो. रेंजफाइंडर नुकताच तपासलेला नसेल, तर १९५३ सालच्या समिक्रॉनसारखी एफ/२ लेन्स अधिक भरवशाची ठरते.

जोडणी

लेन्स कॅमेऱ्यावर बसली म्हणजे ती जुळली असे नव्हे. झोनारवरून घडलेल्या सोव्हिएत ज्युपिटर-३ (एफ/१.५) व ज्युपिटर-८ (एफ/२) स्वस्त असल्या, तरी लायकावर लावल्यास दूरचे चित्र नीट आणि जवळचे धूसर, असा अनुभव अनेकदा येतो. निकॉन आणि कॉन्टॅक्स यांच्या जोडण्या बाहेरून सारख्या दिसतात. आतील फिरत्या आट्यांचे प्रमाण मात्र भिन्न असल्याने एकाची वेगवान लेन्स दुसऱ्यावर जवळच्या अंतरावर चुकते. कॅननची १९६१ सालची एफ/०.९५ लेन्स कॅनन ७ कॅमेऱ्यासाठीच होती.

वापरलेली लेन्स घेताना छिद्र पूर्ण उघडून मागून प्रकाश टाकून पाहावे. आतील धुरकटपणा, बुरशी आणि पुढच्या भिंगावरील पुसण्याचे ओरखडे या उजेडात स्पष्ट दिसतात. समारिटच्या पुढच्या भिंगाचा लेप मऊ असल्याने तिच्यावर असे ओरखडे विशेषेकरून आढळतात.