आप्तांच्या घरी झालेली दुखापत आणि विम्याची भरपाई

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास गोटमार भरते, तेव्हा घरोघरी पाहुण्यांची वर्दळ असते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तहसिलींत विदर्भातील आप्तांचे येणे-जाणे नित्याचेच आहे. अशा वेळी मोडक्या जिन्यावरून एखादी वृद्ध आत्या पडली व तिच्या मांडीचे हाड मोडले, तर उपचाराचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न उभा राहतो. नात्यात कटुता येईल या संकोचाने तो बहुधा विचारलाही जात नाही.

घराचा विमा

घराचा विमा असला म्हणजे पाहुण्याची दुखापतही त्यात आली, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेली 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप इत्यादींमुळे इमारतीच्या व घरसामानाच्या होणाऱ्या नुकसानीसाठी आहे. पाहुण्याच्या दुखापतीसाठी पॉलिसीत त्रयस्थाप्रती कायदेशीर दायित्वाचा स्वतंत्र विभाग घेतलेला असावा लागतो. गृहस्थांसाठीच्या एकत्रित पॉलिसीत तो जादा हप्ता भरून घेता येतो. विमेदाराच्या घरी कायम राहणारे कुटुंबीय या विभागातून सर्वसाधारणपणे वगळलेले असतात. वेगळ्या घरी राहणारे आप्त मात्र त्रयस्थ ठरू शकतात. अटी निरनिराळ्या असल्याने मूळ पॉलिसी वाचून घेणे अगत्याचे आहे.

या विभागाखाली केवळ दुखापत झाली एवढ्याने पैसे मिळत नाहीत. धोका ठाऊक असूनही घरमालकाने तो दूर केला नाही, असा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मागणी घरमालकाकडे लेखी करावयाची असते व त्याने ती विनाविलंब कंपनीस कळवावयाची असते. कंपनीच्या संमतीवाचून त्याने दायित्व कबूल करू नये किंवा परस्पर तडजोड करू नये. तसे केल्यास दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. आपुलकीने दिलेला शब्दही येथे अडचणीचा ठरतो. उलटपक्षी, अशी मागणी म्हणजे आप्तावर आरोप नव्हे. ज्या जोखमीसाठी हप्ता भरला, तिचा भार कंपनीने उचलावा एवढाच तिचा अर्थ आहे.

दोष सिद्ध न करता मिळणारे साहाय्य

बहुतेक घरांना असा विमा नसतो. तेथे जखमी व्यक्तीचा स्वतःचा विमा उपयोगी पडतो. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या बँक खातेदारास वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू वा पूर्ण कायम अपंगत्वासाठी २ लाख, तर अंशतः कायम अपंगत्वासाठी १ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. अपघात कोणाच्या घरी झाला, यास येथे महत्त्व नाही. मात्र साध्या अस्थिभंगाचा उपचारखर्च या योजनेत मिळत नाही. पात्र कुटुंबांना रुग्णालयातील उपचारासाठी आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत लाभ आहे.

कागदपत्रे व तक्रार

अपघाताच्या दिवशीच शासकीय किंवा नोंदणीकृत रुग्णालयात नोंद करवून घ्यावी. जागेची छायाचित्रे, साक्षीदारांची नावे, औषधांची बिले व डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. मृत्यू झाल्यास पंचनामा व शवविच्छेदन अहवाल आवश्यक ठरतात.

विमेदाराचा दावा नाकारला गेल्यास त्याने प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एका महिन्यात उत्तर न आल्यास किंवा उत्तर असमाधानकारक वाटल्यास भोपाळ येथील विमा लोकपालांकडे एक वर्षाच्या आत विनाशुल्क दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे; तेथे मुदत दोन वर्षांची आहे.

तथापि, दाव्यापेक्षा दक्षता केव्हाही श्रेयस्कर. जिन्यास कठडा, न्हाणीघरात खरखरीत फरशी व अंगणात दिवा असेल, तर पाहुणा सुखरूप परततो व नातेही अबाधित राहते.