क्षुधा, तृष्णा, निद्रा : हीही जगदंबेचीच रूपे

शारदीय नवरात्राचा घट बसतो तो आश्विन शुद्ध प्रतिपदेला. परंतु घरच्या माउलीचे नवरात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेले असते. पितृपंधरवड्याचा स्वयंपाक आटोपतो न आटोपतो तोच माळ्यावरची भांडी खाली येतात, गोधड्या-चादरी धुऊन वाळत पडतात, देवघरातील तांब्यापितळेला चिंच लागते. प्रतिपदेच्या पहाटे देव्हारा उजळलेला असतो आणि तो उजळणारी बाई मात्र निम्मी थकलेली असते. त्यापुढे नऊ दिवस उपवास, नऊ दिवस माळ, नऊ रात्री अखंड दिवा. देवीच्या महात्म्यावर या दिवसांत पुष्कळ लिहिले जाते. आम्ही आज तिच्यापुढे हात जोडून उभ्या असलेल्या या थकलेल्या बाईविषयी लिहिणार आहोत.

वसई परिसरात, नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला समुद्रकाठी कळंब हे गाव आहे. जवळच निर्मळ येथे श्रीशंकराचार्यांचे समाधिमंदिर, आणि पलीकडे विरारच्या डोंगरावर जीवदानी माता. या पट्ट्यातील फुले, केळी व भाजीपाला पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात जात आला आहे, आणि नवरात्रात तर फुलांना उसंत नसते. येथील कुणी स्त्री अंधारात उठून फुले खुडते. कुणी समुद्रावर येणाऱ्या पर्यटकांच्या जेवणावळीसाठी राबते. कुणी बसने नालासोपारा स्थानक गाठून मुंबईच्या कचेरीला जाते आणि संध्याकाळच्या आरतीला धावतपळत परत येते. सर्वांच्या घरी घट, सर्वांच्या घरी लहान मुले, आणि बहुतेकींना नऊ दिवसांचा उपवास.

तेथे एकदा कीर्तन आटोपल्यावर बुक्का लावून घेताना एका माउलीने आम्हाला हळूच विचारले, “बुवा, पाणी प्यायल्याने उपवास मोडतो का हो?”

“नाही मोडत. तुम्ही पीत नाही काय?”

“सकाळी चहा घेते, मग थेट घरी आल्यावर. गाडीत तासदीड तास उभं राहायचं असतं. पाणी प्यायलं की मधेच पंचाईत होते. आणि घरी आलं की ज्याचं त्याचं बघता बघता राहूनच जातं.”

प्रश्न शास्त्राचा होता, पण कारण गाडीचे होते. आमच्या माताभगिनींच्या उपवासांत असे पुष्कळ घडते. वेळ नाही म्हणून जेवण राहते, सोय नाही म्हणून पाणी राहते, आणि त्या सगळ्यावर ‘व्रत’ हे नाव पांघरले जाते. नाव पवित्र असल्यामुळे मग घरातले कुणी त्याविषयी विचारीत नाही.

शास्त्राचे म्हणाल, तर ते या बाबतीत आपल्या समजुतीपेक्षा कितीतरी मृदू आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध. पाण्याचे नाव यादीत पहिले आहे. औषध शेवटी असले तरी आहेच. तेव्हा रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी ‘उपवास आहे’ म्हणून डबीत ठेवणाऱ्या भगिनीने हे ध्यानात घ्यावे. गर्भवती व बाळंतीण यांनी पूर्ण उपवासाऐवजी नक्त करावे, म्हणजे रात्री एकवेळ जेवावे, असे निबंधग्रंथ सांगतात. आजारी माणसाचे व्रत पुत्राने, भावाने, पतीने प्रतिनिधी होऊन करावे, ही तर सर्वमान्य सोय. भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडात व्रतांचा जो अफाट संभार मांडला आहे, तो चाळताना सवलतींचा हा विस्तार पाहून मन थक्क होते. आमचा अनुभव मात्र असा, की घराघरांतून व्रताची बंधने आठवणीत राहिली आणि सवलती विसरल्या गेल्या. आणि बंधने ज्यांच्या वाट्याला आली त्या बहुधा बायका.

आता सप्तशतीकडे वळू. नवरात्रात ज्या घरी पाठ होतो तेथे पाचवा अध्याय सर्वांच्या परिचयाचा असतो. शुंभ-निशुंभांनी गांजलेले देव हिमालयावर जाऊन देवीची स्तुती करतात आणि सर्व प्राणिमात्रांत ती कोणकोणत्या रूपाने वसते ते सांगत जातात. चेतना, बुद्धी, श्रद्धा, दया ही रूपे आपल्याला ओळखीची वाटतात. परंतु त्याच मालिकेत निद्रा आहे, क्षुधा आहे, तृष्णा आहे. संस्कृतात तृष्णा शब्दाचे तहान आणि हाव असे दोन्ही अर्थ होतात. क्षुधेच्या सोबतीने आलेल्या ठिकाणी आम्ही तहान हाच अर्थ घेतो. आणि ज्या मातृरूपाचे आपण एवढे कौतुक करतो, ते या स्तुतीत बरेच पुढे, जवळजवळ शेवटी येते. झोप आणि भूक त्याच्या कितीतरी आधी नमस्कार घेऊन बसलेल्या आहेत.

याचा अर्थ सरळ आहे. दुपारी तीनच्या सुमारास पोटात जी कालवाकालव होते ती जगदंबाच आहे. रात्री साडेदहाला ओट्याशी उभे असताना जी पापणी मिटते तीही तीच. देव्हाऱ्यातल्या देवीला नैवेद्य दाखवायचा आणि पोटातल्या देवीला ‘थांब’ म्हणायचे, हा भेद सप्तशतीला मान्य दिसत नाही. आमच्या कीर्तनात उत्तररंग ऐन रंगात असताना एखादी माउली भिंतीला टेकून झोपी जाते, तेव्हा शेजारीण तिला कोपराने ढोसते. आम्ही खुणेने सांगतो, झोपू द्या. दिवसभरात तिला टेकायला मिळालेली ती पहिली भिंत असते.

जे सप्तशती स्तुतीच्या भाषेत सांगते, तेच चरकाचार्य वैद्याच्या भाषेत सांगतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातवा अध्याय वेग न अडवण्याविषयी आहे. देहाचे तेरा वेग अडवू नयेत असे तेथे म्हटले आहे. त्यांत क्षुधा, तहान व निद्रा आहेत, मलमूत्रवेग आहेत, श्रमाने लागलेली धाप आहे, आणि अश्रूही आहेत. देहधर्माचा हा उल्लेख सणाच्या पानावर कशाला, असे कुणास वाटेल. चरकाचार्यांना त्यात संकोच वाटला नाही आणि आम्हालाही वाटत नाही. पाणी न पिणे आणि लघवी तासन्‌तास रोखणे यांतून मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग होतो, हे आजचे डॉक्टरही सांगतात. घरून निघताना आणि गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावर, असे दोनदा जाऊन घ्यावे. पाणी एकदम तांब्याभर न पिता घोट-घोट प्यावे. एवढ्याने त्या माउलीची पंचाईत पुष्कळ कमी होईल. त्याच अध्यायात पुढे काही वेग अवश्य आवरावेत असेही सांगितले आहे : लोभ, शोक, भय, क्रोध, कठोर वाणी. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. आई भूक आवरते, झोप आवरते, आणि संध्याकाळी सहाला अभ्यास न करणाऱ्या पोरावर क्रोध मात्र आवरत नाही. उपाशी माणसाच्या वाणीला धार येतेच. तिला दोष देण्याआधी दुपारी तिने काय खाल्ले होते ते विचारावे.

आता देवीच्या रणातील एक प्रसंग. महिषासुराशी युद्ध ऐन भरात आले आहे. असुर शिंगांनी पर्वत उखडून फेकतो आहे, डरकाळ्या फोडतो आहे. आणि देवी काय करते? ती पानपात्र हाती घेते आणि आधी पेय प्राशन करते. मी पिऊन होईपर्यंत तू गरजून घे, असे त्यालाच ऐकवते, आणि मग त्याला मारते. तिसऱ्या अध्यायातील हा क्षण आम्हाला फार आवडतो. कुकरची शिट्टी, दारातला दूधवाला, हरवलेली वही, नवऱ्याचा न सापडणारा रुमाल हे सारे सकाळी सातला एकदम गरजत असतात. गरजू द्यावे. पेलाभर पाणी खाली बसून प्यावे. तेवढ्यात काही महिषासुर जिंकत नाही.

आणि ते पानपात्र तिच्याजवळ आले कोठून? कुबेराने दिले. शंकरांनी त्रिशूळ दिला, विष्णूंनी चक्र, वरुणाने शंख, वायूने धनुष्य, इंद्राने वज्र, हिमालयाने बसायला सिंह. ‘तू शक्ती आहेस, तूच सांभाळ’ असे म्हणून देव आपापल्या घरी गेले नाहीत; प्रत्येकाने स्वतःजवळचे काही काढून दिले. आपल्याकडे घरच्या लक्ष्मीला अष्टभुजा म्हणण्याची फार हौस. परंतु आठही हातांत आपणच झाडू, लाटणे आणि दप्तर दिले असेल तर त्या उपमेत स्तुती कितीशी उरते? 2019 साली भारत सरकारने लोकांच्या दिवसभराच्या वेळेची जी पाहणी केली, तीत घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी 299 मिनिटे वेळ जातो असे आढळले. पुरुषांपैकी शंभरात 26 जणच अशा कामाला हात लावतात, आणि जे लावतात त्यांची मिनिटे 97. पंढरपूरचा विठुराया जनाबाईच्या जात्याला हात लावतो ही कथा ऐकताना सभामंडपातल्या पुरुषांचे डोळे पाणावतात, हे आम्ही चाळीस वर्षे पाहत आलो आहोत. घरी गेल्यावर त्यांतले किती जण स्वतःचे ताट उचलतात, हे मात्र त्यांच्या घरच्यांनाच ठाऊक.

तेव्हा या नऊ दिवसांपुरती तरी वाटणी आधी ठरवावी. अखंड दिव्यात रात्री तेल घालण्याचे काम पतीने किंवा मोठ्या मुलाने घ्यावे. दिव्याला हात कुणाचा हे कळत नाही. माळ मुलांनी गुंफावी. गोधड्या सर्वच्या सर्व प्रतिपदेपूर्वी धुतल्या गेल्या नाहीत तरी देवी उंबऱ्यावरून परत फिरत नाही. नऊ दिवसांच्या नऊ रंगांचे तर कोणत्याही निबंधग्रंथात नाव नाही. ती गेल्या वीसपंचवीस वर्षांतील, वृत्तपत्रांच्याच पानांवरून आलेली हौस आहे. हौस म्हणून त्या रंगाची साडी जरूर नेसावी, पण तिच्या इस्त्रीसाठी झोपेतला अर्धा तास जाऊ नये.

उपवासाच्या पदार्थांविषयी थोडे. साबुदाणा हा बहुतांशी नुसता पिष्टमय. ज्या कंदापासून तो होतो तो दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेला, त्यामुळे त्याच्या प्राचीन पावित्र्याविषयी आग्रह नको. त्यापेक्षा राजगिरा, वरई, शेंगदाणे, खजूर, दूध, ताक यांनी अंगात ताकद राहते. वसईची सुकेळी तर वरदानच. राजेळी केळी सुकवून केलेली ही मिठाई पर्समध्ये टाकता येते आणि गाडीत उभ्याने खाता येते. ज्यांना नऊ दिवस झेपत नाहीत त्यांनी उठता-बसता उपवास करावा किंवा धान्यफराळ करावा. दोन्ही रीती आपल्या घराण्यांतून रूढ आहेत आणि दोन्हींत उणेपणा नाही. अंगावर पाजणाऱ्या मातेने व मधुमेही भगिनीने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास धरूच नये.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील आणि महाराष्ट्रातीलही पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप, डोळ्यांपुढे अंधारी, सदा थकवा यांना आपण ‘बाईच्या जातीला व्हायचेच’ म्हणून सोडून देतो. महाराष्ट्र शासनाने 26 सप्टेंबर 2022 रोजी, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ हे अभियान सुरू करून अठरा वर्षांवरील स्त्रियांच्या आरोग्य-तपासण्या केल्या, तेव्हा मुहूर्त निवडणाऱ्याचे आम्हाला कौतुक वाटले. अभियान असो वा नसो, हिमोग्लोबिन कोणत्याही सरकारी आरोग्य केंद्रात पाहून घेता येते. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे ते 12 च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. चहाने लोह अंगी लागत नाही. ओटी भरायला जाताना जशा पाचजणी मिळून जातात, तशाच पाचजणींनी मिळून या तपासणीला जावे. एकटीचे जाणे उद्यावर पडते.

जीवदानीच्या दर्शनाला कळंबच्या पुष्कळ भगिनी नवरात्रात जातात. पायऱ्या हजाराहून अधिक, कडेवर मूल, वर निरंकार उपवास. निरंकार चढण्याचा नवस आधीच बोललेला नसेल, तर कृपा करून नवा बोलू नये. पहाटे दूध व एखादे केळे खाऊन, ऊन चढण्यापूर्वी निघावे. मूल अर्ध्या वाटेपर्यंत त्याच्या वडिलांकडे द्यावे, अर्ध्या वाटेनंतरही त्यांच्याकडेच राहू द्यावे. धाप लागली की पायरीवर बसावे. चरकाचार्यांच्या तेरा वेगांत ती आहे, हे वर आलेच आहे. ओटीच्या पिशवीत नारळाशेजारी पाण्याची एक बाटली असू द्यावी.