पीकपाहणीचे नवे साधन आणि गावचा कर्मचारी

सातबारा उताऱ्यातील गाव नमुना १२ हा पिकांचा नमुना होय. कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर आहे आणि त्यास पाणी विहिरीचे की पाटाचे, हे त्यात लिहिलेले असते. पूर्वी ही नोंद तलाठ्याने हंगामात शिवारात फिरून करावयाची असे. परंतु एका सज्जात अनेक गावे. त्यामुळे पुष्कळ नोंदी चावडीत बसून, मागील वर्षाचे पान पाहून होत असत, हे मान्य करावयास हवे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पीक व क्षेत्र भरावे, छायाचित्र घ्यावे, आणि तलाठ्याने त्यांपैकी दहा टक्के नोंदी प्रत्यक्ष तपासाव्यात, अशी पद्धत ठरविण्यात आली.

गावचे कर्मचारी अशी साधने मनापासून स्वीकारीत नाहीत, असे वारंवार ऐकू येते. आपल्या जिल्ह्याचा पूर्वानुभव मात्र निराळा आहे. १९८० नंतरच्या वर्षांत येथील जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातील कागदांची सहा गठ्ठ्यांत विभागणी करण्याची पद्धत घालून दिली. प्रलंबित प्रकरणे एका गठ्ठ्यात, उत्तराच्या प्रतीक्षेतील दुसऱ्यात, नाश करावयाचे कागद वेगळे, याप्रमाणे. पुढे ही रीत ‘लखिना पॅटर्न’ या नावाने राज्यभर गेली. ती टिकली याचे कारण आमच्या मते साधे आहे. हवा तो कागद लवकर सापडू लागला, हा लाभ प्रथम लिपिकाच्याच पदरात पडला.

नव्या साधनालाही हीच कसोटी लागू आहे. मोबाइलवर नोंद झाल्यावर तीच माहिती पुन्हा कागदी तक्त्यात मागितली, तर कर्मचाऱ्याचे काम दुप्पट होते. अकोल्याच्या डोंगराळ गावांत संपर्क तुटला आणि नोंद पोहोचली नाही, तर जाब मात्र तलाठ्यालाच विचारला जातो. अशा वेळी त्याच्या नाखुषीला आळस म्हणणे न्याय्य नाही.

तथापि नोंद न होण्याची किंमत कोणाला द्यावी लागते, हे २०२३ साली दिसून आले. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या लाल कांद्यास क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले. सातबारावर कांद्याची ई-पीक नोंद असावी, अशी अट होती. कांदा पिकवूनही ज्यांच्या उताऱ्यावर तो नव्हता, ते शेतकरी अडचणीत आले. शेवटी अट शिथिल झाली आणि गावपातळीवरील कर्मचाऱ्यांकडे पाहणी करून खात्री करण्याचे काम आले. तोवर कांदा विकून रान मोकळे झालेले! हंगामात न झालेले काम हंगामानंतर, अधिक कष्टाने त्यांच्याच अंगावर पडले.

म्हणून कर्मचाऱ्यांनी नोंदणीच्या मुदतीच्या आरंभीच गावात एक दिवस ठरवावा. ज्यांच्यापाशी साधा मोबाइल आहे अशा वृद्ध व एकट्या खातेदारांची यादी आधी करावी. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते, तेव्हा वस्तीवरील एखाद्या शिकलेल्या मुलामुलीची मदत घ्यावी. बाजरीत तुरीचे पाटे असतील तर मिश्र पीक निवडावे. एकटी बाजरी लिहिल्यास तूर उताऱ्यावर येत नाही, आणि पुढे हमीभावाच्या खरेदीकेंद्रावर उतारा दाखवावा लागतो तेव्हा शेतकरी अडतो. संपर्क नसेल तेथे शेतातच छायाचित्र घेऊन माहिती साठवावी आणि संपर्क मिळेल अशा ठिकाणी येताच पाठवावी. नोंद गेल्याची खूण मोबाइलवर पाहिल्याखेरीज शेतकऱ्यास घरी पाठवू नये. वरिष्ठ कार्यालयांनीही जी माहिती या नोंदीतून मिळू शकते, तिचा निराळा तक्ता तलाठ्याकडे मागू नये.