याचकाचा वादी होताना

अंधांविषयी आपल्या समाजाने करुणा कधी कमी केली नाही; देवळाच्या पायरीवर बसलेल्या सूरदासाच्या वाडग्यात नाणे पडतच आले. परंतु त्याच माणसाने सरकारदरबारी अर्ज घेऊन उभे राहावे आणि कारकुनाने तो मुकाट्याने दाखल करून घ्यावा, ही कल्पना मात्र आपल्याकडे फार उशिरा रुजली. तिचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, शाळा परोपकारी मंडळींनी दिल्या, हक्क मात्र अंधांना स्वतःच मिळवावे लागले.

1887 साली अमृतसर येथे ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी हिंदुस्थानातील पहिली अंधशाळा काढली. पुढे 1900 साली मुंबईत मिस मिलार्ड यांची आणि 1902 मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल, अशा शाळा निघाल्या. अडचण लिपीची होती. ब्रेलचे सहा ठिपके सर्वत्र तेच, पण प्रांतोप्रांती त्यांची योजना निराळी, त्यामुळे एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील बोटांना निरुपयोगी ठरे. 1951 साली भारती ब्रेलने हा गोंधळ मिटवला. याच काळात शिक्षण मंत्रालयात अंधांच्या प्रश्नांचे काम लाल अडवाणी हे स्वतः दृष्टिहीन असलेले अधिकारी पाहत होते, ही गोष्ट मला लिपीइतकीच महत्त्वाची वाटते.

1952 साली मुंबईत राष्ट्रीय अंधजन संघ, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली 'नॅब', स्थापन झाली आणि विजय मर्चंट यांच्यासारख्या नामवंत क्रिकेटपटूने तिच्या कार्याला आपले वजन दिले. संस्थेचे उपकार थोर आहेत. तथापि 1970 साली दिल्लीत दृष्टिहीनांनी स्वतःचा महासंघ उभारला, तेव्हा विनंतीची जागा मागणीने घेतली, आणि 1980 च्या मार्चमध्ये त्यांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या. हातात पांढरी काठी असलेल्यांवर सरकारी काठी उगारली जावी, हे दृश्य ज्या राजधानीने पाहिले, तिथेच 1995 साली अपंगांना नोकऱ्यांत तीन टक्के आणि त्यांतला एक टक्का दृष्टिहीनांना राखून ठेवणारा कायदा मंजूर झाला.

कायदा झाला, पण दफ्तराने त्याला वळसा घातला. हे राखीव प्रमाण एकूण रिक्त जागांवर न मोजता, अपंगांना 'योग्य' म्हणून ठरवलेल्या मोजक्या पदांवरच मोजायचे, असा हिशेब खात्यांनी काढला, आणि तो मोडून काढण्यासाठी महासंघाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागावी लागली. निकाल लागला 8 ऑक्टोबर 2013 रोजी. 2016 च्या कायद्याने तीनाचे चार टक्के केले. त्याच साली केंद्रीय लोकसेवा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांना रेल्वेने दृष्टीच्या कारणावरून नियुक्ती नाकारली. पुढच्याच परीक्षेत 124 वा क्रमांक मिळवून त्या प्रशासकीय सेवेत दाखल झाल्या. दृष्टिहीन उमेदवाराला न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळता येणार नाही, हे ठरायला तर मार्च 2025 उजाडावे लागले. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधणाऱ्या परंपरेला एवढा विलंब का लागावा, हे कोडेच आहे!

वाचनाच्या हक्काची कथा याहून सुखद आहे. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने, ग्रंथस्वामित्वाची वेगळी परवानगी न घेता, दृष्टिहीनांना वाचता येईल अशा रूपात पुस्तक उतरवण्याची मुभा मिळाली. आणि दृष्टिहीनांना वाचता येईल अशी पुस्तके मिळावीत म्हणून झालेल्या आंतरराष्ट्रीय माराकेश करारावर 2014 साली मंजुरीची मोहोर उठवणारा जगातील पहिला देश भारत ठरला. मराठीत स्वागत थोरात यांनी 2008 साली 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. संगणक आता मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो; मात्र आपली कित्येक मराठी पुस्तके जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली असल्याने त्याच्या तोंडून अक्षरशः निरर्थक बडबड बाहेर पडते. कायद्याने उघडलेले दार इथे छापखान्यात अडते, आणि ते मोकळे करण्यासाठी कोणत्याही न्यायालयाची पायरी चढण्याची गरज नाही.

म्हणून मराठी प्रकाशकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना विनंती एवढीच की, अंक छापून झाल्यावर त्याची युनिकोड प्रत एखाद्या अंधशाळेच्या किंवा अंधांसाठी चालणाऱ्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करावी, याच दिवाळीपासून.