घरच्या बोलीचा ठावठिकाणा

गेल्या पावसाळ्यात माझी भाची वही घेऊन आली. "मामा, आपल्या हैद्राबादी मराठीवर प्रबंध लिहायचा आहे. आधार कुठे शोधू?" ही उर्दूने बाटलेली मराठी, असे कोणी परीक्षकाने तिला ऐकवले होते. तिला ते लागले; खरे म्हणजे मलाही.

प्रथम ग्रियर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीचा सातवा खंड (१९०५) काढला. उधळ्या पुत्राच्या गोष्टीची भाषांतरे मागवून बोलींचे नमुने त्यात जमवले आहेत. पण मद्रास इलाखा आणि हैद्राबाद व म्हैसूर ही संस्थाने त्या पाहणीतून वगळलेली! १९०१ च्या खानेसुमारीत निजामाच्या राज्यात शेकडा सुमारे २६ लोक मराठी बोलणारे होते. त्यांचे बोलणे टिपायला कोणी आलेच नाही.

मग मोल्सवर्थचा कोश, १८५७ ची आवृत्ती. येथे मात्र भाचीला पुष्कळ वेळ बसवले. परका शब्द मुळात फारसी, अरबी की हिंदुस्थानी, हे त्यात अक्षराने दाखवलेले असते. आमच्या घरी 'फुरसत', 'जलदी' असे शब्द आले की पुण्याचे पाहुणे हसतात. दोन्ही मोल्सवर्थात आहेत! म्हणजे मुंबई इलाख्यातही ते तेव्हा रुळलेले होते. माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश (१९२५) शेजारी घेतला, तशी आमच्या 'बाटलेल्या' शब्दांची यादी निम्म्यावर आली. उलट दखनीतले 'नक्को' आपल्या 'नको'पासूनचे, आणि 'ऐसाइच'मधला 'च'ही मराठीचाच. आता ऋणको कोण, हे परीक्षकांनी सांगावे.

मोल्सवर्थ आता संगणकावर घरबसल्या उघडतो. पण जे शब्द दोन्ही कोशांत नाहीत, त्यांचा पुरावा जुन्या घरांतल्या कागदांतच सापडायचा.

"मामा, पणजोबांच्या जमाखर्चाच्या वह्या कुठे आहेत?"

शाहअलीबंड्याचा वाडा सोडला, तेव्हा ती पेटी मीच रद्दीवाल्याला दिली. सगळे मोडीत, कोण वाचणार, असे वाटले होते. भाची काही बोलली नाही.

उरली आहे ती माझी आत्या, नव्वदीची. परवा भाची तिच्यापुढे बसली. "आत्याआजी, तुमच्या लहानपणचे शब्द सांगाल?"

"हौ. पण आधी चहा ठेव."

भाचीने 'हौ' लिहून घेतले आणि चहा ठेवायला उठली.