स्वयंपाकघरातील सिंक : एक कप्पा की दोन?

माझ्या एका मैत्रिणीने दिवाळीपूर्वी स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधून घेतला. पोचे पडलेले जुने सिंक गेले आणि त्याच्या जागी चकचकीत, दोन कप्प्यांचे सिंक आले. ‘‘एकात खरकटी भांडी, दुसऱ्यात धुतलेली. आता पसारा दिसायचाच नाही,’’ दुकानदाराचे बोलणे तिने मला कौतुकाने ऐकवले.

भाऊबीजेनंतर तिच्याकडे गेले तर कामाच्या बाई परात आणि मोठी कढई घेऊन बाथरूममध्ये घासायला बसलेल्या. ‘‘परात सिंकमध्ये आडवी बसतच नाही गं,’’ मैत्रीण हिरमुसून म्हणाली. ‘‘तिरकी धरून धुतली की निम्मं पाणी अंगावर, निम्मं फरशीवर.’’

साडी आवडली नाही तर बदलून आणता येते. ग्रॅनाइटची लादी एकदा कापली की कापली! पुढची दहापंधरा वर्षे रोज तासदोन तास त्याच सिंकपुढे उभे राहायचे असते. म्हणूनच हा निर्णय दुकानातल्या झगमगाटात नव्हे, घरच्या ओट्यापाशी उभे राहून घ्यायला हवा.

दोन कप्पे कशासाठी?

पाश्चात्त्य घरांत एका कप्प्याला बूच लावून त्यात साबणाचे गरम पाणी भरायचे, त्यात भांडी घासायची आणि दुसऱ्या कप्प्यात ती धुऊन काढायची अशी रीत होती. दोन कप्पे तिथे सोयीचे ठरले. आपल्याकडे पूर्वी मोरीत बसून भांडी घासली जात. नंतर उभा ओटा आला, पण पद्धत फारशी बदलली नाही. सगळी भांडी आधी घासून घ्यायची, मग वाहत्या नळाखाली एकेक विसळायची. या पद्धतीला दोन लहान कप्प्यांपेक्षा एक ऐसपैस कप्पाच अधिक मानवतो. शिवाय आपली भांडीही वेगळी. कुकर, कढई, परात, लांब दांड्याचा तवा यांना मोकळी जागा लागते.

मग दोन कप्पे निरुपयोगीच का? मुळीच नाही. एकीकडे खरकटी भांडी पडलेली असताना दुसरीकडे पालेभाजी, तांदूळ किंवा मासे स्वच्छ धुता येतात. घरात दोघेजण एकाच वेळी काम करणारे असतील तर एकमेकांचा खोळंबा होत नाही. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर एका कप्प्याला बूच लावून विसळण्यापुरते पाणी साठवता येते. मात्र हे सारे फायदे मिळण्यासाठी एक अट आहे. निदान एका कप्प्यात तरी तुमचे सर्वांत मोठे भांडे आडवे बसले पाहिजे.

आधी माप, मग मोह

बाजारात एका कप्प्याचे २४ × १८ इंचांचे आणि दोन कप्प्यांचे ३७ × १८ इंचांचे सिंक सर्रास मिळते. ३७ इंच ऐकायला भरपूर वाटतात, पण कडा आणि मधली भिंत वजा केली की प्रत्येक कप्पा जेमतेम १६ इंचांचा उरतो. नेमकी इथेच फसगत होते. ४५ × २० इंचांच्या सिंकमध्ये कप्पे मोठे मिळतात, पण त्यासाठी ओटाही तेवढा लांब हवा.

आता ओट्याचा हिशेब करा. ८ फुटी ओटा म्हणजे ९६ इंच. त्यातले २८ इंच शेगडीने घेतले आणि ३७ इंच सिंकने, तर उरले ३१ इंच. त्यातच मिक्सर, पाण्याचे फिल्टर, भाजी चिरणे आणि पोळ्या लाटणे! एका कप्प्याचे सिंक बसवले तर हीच जागा ४४ इंच मिळते.

यावर एक सोपा उपाय आहे. दोन्ही मापांचे वर्तमानपत्राचे कागद कापा, ओट्यावर पसरा आणि त्यांवर घरातली परात, कुकर, कढई प्रत्यक्ष ठेवून पाहा. दोन कप्प्यांच्या कागदावर मधल्या भिंतीची रेघ ओढायला विसरू नका. कागद फुकट आहे, ग्रॅनाइट नाही.

हेही लक्षात ठेवा

• सिंकची खोली साधारण ८ ते १० इंच असते. खोल सिंकमधून पाणी कमी उडते, पण तळाशी हात पोहोचण्यासाठी वाकावे लागत असेल तर कंबर दुखू लागते. सासूबाई आणि सूनबाई यांच्या उंचीत फरक असतो, म्हणून भांडी जास्त कोण घासते ते पाहून खोली ठरवा. कामाच्या बाईंनाही जरूर विचारा.

• दोन कप्प्यांचे पाणी बहुधा पुढे एकाच नळीत जाते. ती तुंबली तर एका कप्प्यातले घाण पाणी दुसऱ्यात वर येते. दोन्हीकडे जाळी हवीच.

• ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, त्यामुळे ते सहसा गंजत नाही. हलक्या प्रतीचे २०२ स्टीलही लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही. तेव्हा चुंबक लावून पाहण्यावर विसंबू नका, बिलावर दर्जा लिहून घ्या.

• गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. पातळ पत्र्यावर भांडे आपटले की आवाज फार होतो आणि पोचेही लवकर पडतात.

• घरात डिशवॉशर असेल तर दुसऱ्या कप्प्याची गरज क्वचितच पडते.

मधला मार्ग

ओटा बऱ्यापैकी लांब आहे, पण मोठी भांडीही रोजची आहेत, अशा घरांसाठी एक मोठा कप्पा आणि शेजारी भांडी निथळण्यासाठी उतरती पन्हाळीदार जागा असलेले सिंक उत्तम. भाजी धुण्यासाठी कप्प्यात मावणारी एक जाळीची पाटी ठेवली की दुसऱ्या कप्प्याची उणीव भासत नाही.

माझ्या मैत्रिणीनेही शेवटी हेच केले. तिचे सिंक ग्रॅनाइटवर कडा टेकवून वरून बसवलेले होते, म्हणून त्याच ३७ इंचांच्या जागेत हे नवे सिंक बसले आणि ओटा फोडावा लागला नाही. भुर्दंड पडला तो पडलाच! पण परवा गेले तेव्हा परात सिंकमध्ये निवांत आडवी झाली होती आणि बाथरूमची फरशी कोरडी होती.

तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वी घरातली सर्वांत मोठी परात मोजा. एक कप्पा की दोन, याचे उत्तर तीच देईल.