रक्तातला आकडा आणि नाकामागची गाठ

‘मेंदूच्या तळाशी गाठ आहे आणि ती आजूबाजूला घुसली आहे’, असा एमआरआयचा रिपोर्ट हाती पडला की घर जळगावातलं असो वा धुळ्यातलं, पहिला प्रश्न ठरलेला: मुंबईत कुणाची ओळख आहे का? त्याच रात्री ऑपरेशनच्या पैशांची जुळवाजुळव सुरू होते. पण पिट्यूटरीच्या गाठींत एक जात अशी आहे की ती कितीही मोठी असो, कितीही पसरलेली असो, तिच्यावरचा पहिला इलाज बहुतेक वेळा चाकू नसतोच. आठवड्यातून एक-दोनदा घ्यायची कॅबरगोलीनची बारीकशी गोळी, एवढाच. आणि ही जात ओळखू येते ती रक्ताच्या एका तपासणीतून.

पिट्यूटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. नाकाच्या मुळामागे, कवटीच्या तळातल्या हाडाच्या खळग्यात ती असते. उंची, पाळी, अंगावरचं दूध, थायरॉइड, आजारपण सोसायची ताकद, लघवीचं प्रमाण या सगळ्यांचा कारभार तिच्याकडे. तिच्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. मग भीती कसली? शेजाराची. वरच्या अंगाला डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. डावी-उजवीकडे रक्ताने भरलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांतून मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी व डोळे फिरवणाऱ्या नसा जातात.

गाठ वर सरकली की नेमके ते धागे दाबले जातात जे दोन्ही कडांचं दृश्य मेंदूकडे नेतात. समोरचं अक्षर स्वच्छ दिसतं, पण बाजूने येणारी मोटारसायकल दिसत नाही. दाराच्या चौकटीला खांदा आदळतो. माणूस चष्म्याचा नंबर बदलत बसतो आणि दोष काचेत नसतोच.

गाठ बाजूला घुसली तर किती घुसली? व्हिएन्नाच्या एन्गेलबर्ट क्नोस्प यांनी १९९३ साली यासाठी जी मोजणी सुचवली, ती पाहून थक्क व्हायला होतं. एमआरआयवर समोरून घेतलेल्या छेदात कॅरोटिड धमनी दोन ठिकाणी गोल ठिपक्यासारखी दिसते. या दोन गोलांना जोडणाऱ्या तीन रेषा मारायच्या: आतल्या कडेने, मधून, बाहेरच्या कडेने. गाठ कुठली रेघ ओलांडते, त्यावर शून्य ते चार अशी श्रेणी. चौथ्या श्रेणीत धमनीला गाठीचा पूर्ण वेढा पडलेला असतो. सर्जनने गाठीचा किती भाग सोडून द्यावा, याचा अंदाज या तीन रेषांतून येतो.

पण श्रेणी गाठ कुठे आहे तेवढंच सांगते. गाठ काय करते, हे रक्त सांगतं.

ग्रोथ हार्मोन जास्त स्रवणारी गाठ फार सावकाश काम करते. बोटं जाड होतात, चपलेचा नंबर वाढतो, जबडा पुढे येतो. जळगावच्या सराफ बाजारात अंगठी पुन्हा पुन्हा मोठी करून घेणारं गिऱ्हाईक दिसलं, तर सराफाला ही खूण डॉक्टरांच्याही आधी दिसू शकते. घरच्यांना मात्र रोजच्या सहवासात काहीच जाणवत नाही. जुना फोटो शेजारी ठेवला की फरक कळतो. वाढीच्या वयातच अशी गाठ झाली तर उंची भलतीच वाढते. अठराव्या शतकातल्या चार्ल्स बर्न या आयरिश माणसाचा सांगाडा लंडनला ठेवला होता. १९०९ साली मेंदूचे सर्जन हार्वे कुशिंग यांनी त्याची कवटी उघडून पाहिली, तेव्हा पिट्यूटरीचा खळगा रुंदावलेला सापडला. आपल्या ओळखीचा कुस्तीपटू ग्रेट खली याच्यावरही २०१२ साली अमेरिकेत पिट्यूटरीच्या गाठीसाठी शस्त्रक्रिया झाली. या जातीत सहसा आधी शस्त्रक्रियाच करतात.

गोळीने विरघळणारी जात प्रोलॅक्टिन बनवणारी. बाईची पाळी थांबते, गरोदर नसताना दूध येतं. पुरुषाची इच्छा कमी होते आणि तो ते कुणाला सांगत नाही. त्यामुळे पुरुषांतली गाठ सापडते तेव्हा बरेचदा मोठी झालेली असते. आता खरी गंमत. गाठ प्रचंड असेल आणि प्रोलॅक्टिन अफाट असेल, तर काही यंत्रं उलट कमी आकडा दाखवतात. तपासणीत दोन प्रतिपिंडं हार्मोनच्या एकाच कणाला दोन बाजूंनी पकडतात, आणि ही जोडी जुळली तरच मोजणी होते. कणांची गर्दीच झाली तर दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळे कण धरून बसतात आणि जोड्या जुळत नाहीत. खरा आकडा दहा हजारांच्या वर, कागदावर शे-दीडशे! त्यात दुसऱ्या जातीच्या मोठ्या गाठीनेही ग्रंथीचा देठ दाबला जाऊन प्रोलॅक्टिन शे-दीडशेपर्यंत चढू शकतं. म्हणजे दोन अगदी वेगळे आजार, आकडा एकच. उपाय मात्र साधा: नमुना शंभर पट पातळ करून पुन्हा मोजायचा. नव्या यंत्रांत हा घोळ कमी झालाय, संपलेला नाही. लॅबने हे कुणी न सांगताच करावं, असं माझं मत. पण विचारायला काय हरकत आहे?

गोळीने गाठ कधी कधी इतक्या वेगाने आटते की तिने पोखरलेल्या हाडातलं भोक उघडं पडतं आणि मेंदूभोवतीचं पाणी नाकावाटे ठिबकू लागतं. अशी सर्दी अंगावर काढायची नाही.

बाकीच्या गाठींत वाट नाकातून. १९०७ साली इन्सब्रुकच्या हर्मान श्लोफरने नाकावाटे पिट्यूटरी गाठली, तेही एमआरआय नसताना. आज एका नाकपुडीतून दुर्बीण जाते. धमनीला चिकटलेला तुकडा सर्जन मुद्दाम सोडतात आणि उरलेल्यासाठी औषध किंवा नेमका मारलेला किरणोत्सर्ग असतो. खानदेशातून त्यासाठी नाशिक, मुंबई गाठावी लागते. जळगाव ते मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. पण निघण्याआधी दोन गोष्टी करा. प्रोलॅक्टिनसह हार्मोनच्या तपासण्या करून घ्या आणि गाठ मोठी असेल तर नमुना पातळ करून मोजला का, हे विचारा. एमआरआयची सीडी सोबत न्या, नुसता रिपोर्ट नको. मात्र अचानक भयंकर डोकं दुखून नजर गेली, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठा. आणि ऑपरेशननंतर स्टेरॉइडची गोळी दिली असेल, तर डॉक्टरांना न विचारता ती एक दिवसही बंद करू नका.